बाबांची वही

आपल्यापैकी अनेकांनी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन आपल्या पूर्वजाचा नंबर शोधला असेल. मीही शोधला. पणजोबांचे नाव जुन्या नोंदीत सापडले तेव्हा क्षणभर मला ते वाचताच येईना. कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले, त्यामुळे आडनावाचे पार रूप बदललेले. पण बाकी सगळे होते. बापाचे नाव, वय अठरा, उंची, जिल्हा रत्नागिरी, जहाज, कोणत्या कोठीवर पाठवले ते, आणि खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण.

परत येताना बसमध्ये मनात आले, माझ्या वडिलांच्या उजव्या नडगीवरही ऊसतोडीच्या कोयत्याचा लांबच लांब व्रण होता. तो कोणीच लिहून ठेवला नाही. बाबा बेटावर जन्मले. त्यांना नंबर नव्हता, जहाज नव्हते, डेपोत कोणी त्यांची उंची मोजली नाही. सरकारदरबारी त्यांच्या तीनच नोंदी: जन्म, लग्न, मृत्यू. मधली चव्वेचाळीस वर्षे ते उसात उभे होते, त्याबद्दल एक ओळ नाही.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, म्हणून थोडे स्पष्ट बोलते. आपल्या स्मरणिका उघडल्या की जहाज येते, पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या येतात, करार येतो, चाबूक येतो. पुढचे पान उलटले की एकदम डॉक्टर, वकील, मंत्री. मधली माणसे कुठे गेली? पायऱ्या चढून आलेल्यांचे नातू काय करत होते? पुढच्यांना डॉक्टर करण्याचे पैसे कुठून आले? या लेखात मी त्या मधल्या माणसांपैकी एकाविषयी लिहिणार आहे. तो माझा बाप होता, म्हणून लेख थोडा एकतर्फी होईल. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात, कारण ती आपण सगळे जाणतो. १८३४ च्या नोव्हेंबरात ‘अ‍ॅटलस’ जहाजातून छत्तीस मजूर आले. १८३५ मध्ये येथे गुलामगिरी संपली आणि मजुरांचा ओघ वाढत गेला. १८३९ मध्ये हिंदुस्थान सरकारने ही भरती थांबवली, ती १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून पुन्हा सुरू झाली. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणपट्टीतले पुष्कळ लोक होते. सुरुवातीच्या करारांत महिन्याला ५ रुपये पगार, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, हा नियम तर आमच्या आजीला पाढ्यासारखा पाठ होता. ती स्वतः त्या काळातली नव्हती, पण शिव्या देताना तो वापरायची: “एक खाडा नि दोन कापले, तुझ्या साहेबाचं भलं होवो.”

पणजोबांचा करार संपत आला आणि १८६७ चा कायदा झाला. करार संपवून मोकळे झालेल्या जुन्या मजुराला फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. तो नसेल, किंवा दुसऱ्या जिल्ह्यात पाय टाकला, तर पोलीस भटक्या म्हणून धरीत. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ या माणसाने ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला, त्यातून चौकशी आयोग आला आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल निघाला. त्या ९,४०१ मध्ये आमचे पणजोबा होते का, असे दादाने मला एकदा विचारले होते. घरात तशी काही आठवण नाही. होते असे म्हणायला मला आवडेल, पण इतिहासाच्या शिक्षिकेला ते शोभणार नाही.

आता बाबा.

त्यांचा जन्म १९२४ चा. लहानपणी हिवताप, त्या पिढीत तो कोणाला नव्हता? शाळा तीन वर्षे, आणि संध्याकाळी बैठकेत नागरी अक्षरे. बाराव्या वर्षी कोठीवर. या नागरी अक्षरांनी पुढे मोठे काम केले, कारण १९५८ पासून बाबांनी एक वही ठेवली. एक संपली की दुसरी, अशा अकरा वह्या झाल्या. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्या असत आणि डबा देवाच्या फळीवर, गणपतीच्या उजव्या हाताला. आम्हा मुलांना वाटे त्यात पैसे आहेत.

ते गेल्यावर, १९९८ साली, मी डबा उघडला. भाषा कोणती म्हणावी? अक्षर नागरी, आकडे मराठी, शब्द निम्मे कोकणी वळणाचे आणि निम्मे क्रेओल. बेण्याला बेणेच म्हटले आहे, पाचटाला पाचट, वाढ्यांना वाढे. पण काट्याला ‘बालांस’, आणि जमीन मोजायची ती ‘आर्पां’त. एक आर्पां म्हणजे एकरापेक्षा किंचित जास्त. आमची जमीन सव्वा आर्पां.

ती आजोबांनी घेतलेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरेचे भाव पडले तेव्हा मोठ्या मळेवाल्यांनी आपल्या कडेच्या, दगडाळ, पाण्याला अडचणीच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. त्यालाच येथे मोर्सेलमां म्हणतात. चांगली जमीन त्यांनी ठेवली, हे सांगायला नकोच. पण ज्यांच्या बापांना पासाशिवाय रस्त्यावर चालता येत नव्हते, त्यांनी हप्त्याहप्त्याने ती वाईट जमीन विकत घेतली. माझ्या मते आपल्या समाजाचा खरा पाया घातला गेला तो इथे.

वाईट म्हणजे किती वाईट, ते आमच्या रानात आलात तर दिसेल. हे बेट ज्वालामुखीचे, माती कमी आणि काळा दगड फार. बंदरावर भरती करणारे दलाल म्हणत की मॉरिशसला दगड उलटला की खाली सोने सापडते, ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. आमच्या घरात तिला शेपूट होते. बाबा म्हणायचे, “तो दलाल खोटं नाय बोलला. फक्त किती दगड उलटायचे तेवढं सांगायचं विसरला.” आजोबांनी काढलेले आणि नंतर बाबांनी काढलेले दगड रानाच्या वरच्या कोपऱ्यात रचलेले आहेत. ती रास आज माझ्या डोक्याच्या वर जाते. कोठ्यांच्या रानात असे मोठमोठे मनोरे तुम्ही पाहिले असतील, पर्यटक त्यांचे फोटो काढतात. तिथला एकेक दगड कोणाच्या ना कोणाच्या कमरेने उचललेला आहे.

दिवस कसा जायचा? पहाटे चारला उठून कोठीवर. तोडणीचे काम उक्ते असे. ठरलेले उरकले की दुपारपर्यंत मोकळीक. मोकळीक म्हणजे तिथून थेट आमच्या सव्वा आर्पांत. संध्याकाळी परतताना डोक्यावर वाढ्यांचा भारा, तो गाईला. आई खुरपणीच्या टोळीत जायची, ती त्यांच्या आधी घरी येऊन चूल पेटवायची. जेवण झाले की बाबा कंदिलाजवळ वही घेऊन बसत. आईला लिहिता येत नव्हते, पण आकडे तिच्या डोक्यात असत. बाबा चुकले की ती भांडी घासता घासता मागून दुरुस्त करी. त्या अकरा वह्यांची लेखिका निम्मी आई आहे, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

उसाबद्दल एक गोष्ट नव्या पिढीला ठाऊक नसते म्हणून सांगते. लावण एकदा केली की तोडणीनंतर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटवा येतो. तो खोडवा. येथे सात-आठ खोडवे घेतात. म्हणजे मोठा खर्च आणि मोठी मेहनत पहिल्या वर्षी, आणि मग जमीन सांभाळत राहायचे. छोट्या शेतकऱ्याला हे परवडते ते एवढ्यामुळेच. पण त्याचा ऊस गाळायला कारखान्याकडेच जावा लागतो, आणि वजन कारखान्याच्या काट्यावर होते. वहीत प्रत्येक खेपेपुढे दोन आकडे आहेत. एक बाबांचा अंदाज, दुसरा काट्याचा. दुसरा बहुतेक वेळा कमी. पुढे शेरा नाही, फक्त एक टिंब. ती टिंबे मी मोजायला बसले आणि सोडून दिले. “पावसाचा भरवसा धर, बालांसचा धरू नको,” हे त्यांचे वाक्य आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे.

या टिंबांना इतिहास आहे. १९३७ मध्ये बाबा तेरा वर्षांचे होते. त्या वर्षी छोट्या शेतकऱ्यांच्या ‘उबा’ जातीच्या उसाला १५ टक्के कमी भाव देण्याचे ठरले. उबा हा गरिबाचा ऊस, कसल्याही जमिनीत तगणारा. शेतकरी आणि मजूर दोघेही उठले. त्या ऑगस्टमध्ये युनियन फ्लाक येथे गोळीबार होऊन माणसे मेली. फ्लाक आमच्यापासून बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पण आजोबांचाही ऊस उबाच होता. त्या आठवड्यात आजोबा रात्री झोपले नाहीत, ओट्यावर बसून राहिले, एवढेच बाबा सांगत. त्यानंतर सरकारने मजुरांसाठी खाते काढले, संघटना कायदेशीर झाल्या. बाबांनी नंतर बरीच वर्षे संघटनेची वर्गणी भरली. ती वहीत ‘देव’ या सदराखाली लिहिलेली आहे, गणपतीच्या वर्गणीच्या शेजारी.

गणपतीचे सांगायला हवे. आपली झाकरी ही कोकणातल्या जाखडीचीच बहीण, हे मला फार उशिरा, रत्नागिरीचे एक पाहुणे आले तेव्हा कळले. बाबा मृदंग वाजवत. चांगला वाजवत असे म्हणवत नाही, पण हात थकत नसे. ज्या हातांनी पहाटेपासून कोयता चालवला ते रात्री दोनपर्यंत मृदंगावर, आणि चारला पुन्हा कोठी. ते पाच दिवस वहीत एकही खाडा नाही. मी लहानपणी याचे कौतुक करत असे. आता मला त्याची भीती वाटते.

१९६० साल आपल्या बेटावर कोणी विसरत नाही. जानेवारीत ‘अ‍ॅलिक्स’, आणि २७-२८ फेब्रुवारीला ‘कॅरोल’. ताशी २५६ किलोमीटरचे झोत. मी दहा वर्षांचीही नव्हते. आमचे घर कुडाचे, पाचटाने शाकारलेले. आम्ही गावातल्या शाळेच्या दगडी इमारतीत गेलो होतो. वादळाचा डोळा बेटावर आला तेव्हा वारा एकाएकी पडला. आकाश दिसू लागले. काही लोक संपले म्हणून घराकडे निघाले. आजी ओरडत होती, “जाऊ नको, उलटा वारा येणार.” बाबा गेले. परत आले ते गाईला ओढत, काखेत बिस्किटाचा डबा. आणि मग वारा खरोखरच दुसऱ्या बाजूने आला.

२९ फेब्रुवारीची नोंद अशी: ‘घर नाही. माणसे पाच, गाय एक.’

त्या वर्षी बेटाची साखर आदल्या वर्षाच्या निम्म्याहून कमी झाली. आमच्या रानात उभा ऊस राहिलाच नाही. पुढे सरकारने सिमेंटच्या वसाहती बांधल्या, आणि ज्यांना जमले त्यांनी स्वतःची सिमेंटची घरे बांधली. कुडाची घरे आपल्या गावांतून नाहीशी झाली ती कॅरोलमुळे. आमचे घर उभे राहायला सहा वर्षे लागली. ठोकळे बाबा आणि शेजारी मिळून रविवारी पाडत. छपरातून लोखंडी सळ्या वर काढून ठेवलेल्या असत, वरच्या मजल्यासाठी. तशा सळ्या आजही गावोगाव दिसतात. परदेशी पाहुणे मला विचारतात, घरे अर्धवट का ठेवता? मी सांगते, ती अर्धवट नाहीत, वरचा मजला मुलाचा असतो.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. कॅरोल आले तेव्हा तो माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि हुशार होता. माझ्यापेक्षा हुशार, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. तेव्हा माध्यमिक शिक्षणाला फी पडे. मार्च १९६० मध्ये त्याचे नाव शाळेतून काढले आणि तो कोठीवर मुलांच्या टोळीत लागला. तीन वर्षांनी माझी वेळ आली. घर अजून अर्धे होते. नात्यातल्या सगळ्यांनी बाबांना सांगितले की पोरीला कशाला, दोन-चार वर्षांत लग्न होईल. बाबांनी गाय विकली. ज्या गाईला ते वादळाच्या डोळ्यातून ओढत घेऊन आले होते ती. वहीत लिहिले आहे: ‘गाय दिली. फी, पुस्तके, बूट.’ पुढची सहा वर्षे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या ओळीत ‘फी’ हा शब्द आहे. त्या ओळीखाली तांदूळ, मग तेल, मग बाकीचे.

मी वडिलांचे उपकार मानते ते यासाठी, आणि हे लिहिताना हात अडखळतो तोही यासाठीच. माझ्या फीचा निम्मा पैसा दादाच्या घामाचा होता. बाबांना ते ठाऊक होते. त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही. वरच्या मजल्याच्या सळ्या मात्र त्यांनी दादासाठी काढल्या आणि १९७२ मध्ये तो मजला पुरा केला. माझ्या नोकरीचा पहिला पगार मी त्यांच्या हातावर ठेवला तेव्हा म्हणाले, “मला नको. वर सिमेंट कमी पडतंय, दादाला विचार.”

मोठ्या घटना वहीत फारशा नाहीत. १२ मार्च १९६८, देश स्वतंत्र झाला, त्या दिवशीची नोंद: ‘सुट्टी. खोडव्याला खत.’ मुलांना मी ही नोंद वर्गात वाचून दाखवत असे, ती हसत. १९७५ च्या फेब्रुवारीत ‘जर्व्हेज’ वादळ आले, त्याला दोन ओळी. त्याच वर्षी युरोपशी साखरेचा करार झाला आणि वर्षाला पाच लाख टनांवर साखर ठरलेल्या भावाने जाऊ लागली. त्याला ओळ नाही, पण टिंबे थोडी विरळ होतात. १९७७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा मी माहेरी होते. आईने आनंदाने हात जोडले. बाबा बराच वेळ रेडिओकडे बघत राहिले आणि म्हणाले, “सतरा वर्षं उशीर.”

मी तेव्हा हिशेब केला नाही. वाटले, सरकारला टोमणा आहे.

वह्या वाचताना तो हिशेब लागला. बाबांच्या अकरा वह्यांत रोजची नोंद आहे. आजारपणात आहे, आजी गेली त्या दिवशीही आहे. वादळानंतर घर नसतानाही आहे. फक्त एका ठिकाणी तीन दिवस कोरे आहेत. १४ मार्च १९६०: ‘थोरल्याचे नाव काढले.’ मग १५, १६, १७ या तारखा लिहिल्या आहेत आणि पुढे काही नाही. १८ पासून पुन्हा पाऊस, पाचट, तांदूळ.

दादा आता ऐंशीकडे झुकला आहे. कारखाने एकामागून एक बंद झाले, युरोपने साखरेचा भाव उतरवला, आसपासच्या कितीतरी छोट्या शेतकऱ्यांनी रान पडीक टाकले. तो अजून सव्वा आर्पां करतो, नफा होत नाही तरी. या लेखासाठी मी ते पान त्याच्यापुढे ठेवले आणि विचारले, या तीन दिवसांत काय झाले होते?

त्याने चष्मा लावून पान पाहिले. म्हणाला, काही झाले नाही. पहाटे बाबा त्याला कोठीवर घेऊन गेले. दादाची कुदळ त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती, आपली एका खांद्यावर आणि त्याची दुसऱ्या. वाटेत बोलले नाहीत. फाटकाशी सरदार उभा होता, तिथवर त्यांनी ती दिली नाही. तीन दिवस असेच.

“आणि चौथ्या दिवशी?”

“चौथ्या दिवशी मीच घेतली,” दादा म्हणाला, आणि चष्मा काढून रानाकडे गेला.